पिवळी फीत, निळी फीत : हाँगकाँगच्या छत्री आंदोलनाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना हाँगकाँगमधील २०१४ च्या विद्यार्थी आंदोलनाचा उल्लेख ओघात आला होता आणि ‘त्या आंदोलनाने शहर दुभंगले’ असे एक वाक्य मी लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर पाहिले तर सगळे शहर छत्र्या घेऊन रस्त्यावर उतरल्यासारखे वाटत होते. आपण म्हणता, शहर दुभंगले होते. मग हाँगकाँगमधील निम्म्या लोकांना लोकशाही नको होती, असा अर्थ घ्यायचा का? (सातारा येथील एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : असा अर्थ मुळीच घेऊ नये. बाहेरून पाहणाऱ्यांची गफलत बहुधा याच ठिकाणी होते, म्हणून हा प्रश्न पहिल्यांदा घेतला आहे.

आधी वाद कशावरून पेटला ते पाहू. १ जुलै १९९७ रोजी ब्रिटनने हाँगकाँग चीनच्या स्वाधीन केले, त्याआधीच १९९० मध्ये तेथील मूलभूत कायदा, म्हणजे शहराची छोटी राज्यघटनाच, तयार झाला होता. त्याच्या ४५ व्या कलमात असे म्हटले आहे की, शहराचा मुख्य कार्यकारी, म्हणजे तेथील सरकारचा प्रमुख, अखेरीस सार्वत्रिक मतदानाने निवडला जावा, मात्र उमेदवारांची नावे एका व्यापक प्रातिनिधिक समितीने सुचवावीत. सगळी मेख या समितीत होती. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी बीजिंगमधील चिनी संसदेच्या स्थायी समितीने निर्णय दिला की, २०१७ मध्ये प्रत्येक मतदाराला मत देता येईल, पण उमेदवार दोन किंवा तीनच असतील आणि त्यांतल्या प्रत्येकाला १,२०० जणांच्या नामनिर्देशन समितीत निम्म्याहून अधिक सदस्यांचा पाठिंबा मिळवावा लागेल. समितीची घडण अशी की, तिच्यात बीजिंगला मानणाऱ्या उद्योग-व्यवसायांच्या प्रतिनिधींचे पारडे कायम जड राहणार. त्यापूर्वी २०१२ मध्ये १५० सदस्यांच्या शिफारशीवर उमेदवारी मिळत असे, त्यामुळे निवडून येण्याची आशा नसली तरी लोकशाहीवादी पक्षाचा माणूस निदान उभा राहू शकला होता. नव्या चौकटीत मत मिळाले आणि उमेदवार गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला, पाठोपाठ शाळकरी मुलेही आली. २६ तारखेच्या रात्री काही विद्यार्थी सरकारी मुख्यालयाच्या कुंपण घातलेल्या चौकात शिरले आणि शाळकरी मुलांचा नेता, सतरा वर्षांचा जोशुआ वाँग, याला अटक झाली. २८ सप्टेंबरला पोलिसांनी जमावावर अश्रुधुराच्या ८७ नळकांड्या फोडल्या. मिरपुडीच्या फवाऱ्यापासून डोळे वाचवण्यासाठी उघडलेल्या छत्र्यांनी आंदोलनाला नाव दिले आणि ॲडमिरल्टी, कॉजवे बे व मोंग कोक या तीन भागांत रस्त्यावरचा जो ठिय्या सुरू झाला तो ७९ दिवस चालला.

आता जनमताकडे वळू. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीने त्या काळात दूरध्वनीवरून दर महिन्याला जनमत चाचणी घेतली होती. ठिय्या सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरमध्ये, रस्ते व्यापण्याच्या मार्गाला सुमारे ३१ टक्के लोकांचा पाठिंबा होता आणि ४६ टक्के लोकांचा विरोध. अश्रुधुरानंतर, ऑक्टोबरमध्ये, पाठिंबा ३८ टक्क्यांच्या जवळ गेला आणि विरोध त्याहून किंचित खाली आला. नोव्हेंबरमध्ये पाठिंबा पुन्हा ३४ टक्क्यांवर उतरला, विरोध ४३ च्या पुढे गेला आणि आता रस्ते मोकळे करावेत असे म्हणणारे जवळपास दोन तृतीयांश झाले. एवढेच आकडे पाहिले तर आपला निष्कर्ष बरोबर वाटेल. परंतु त्याच सप्टेंबरच्या चाचणीत दुसराही एक प्रश्न होता. केंद्र सरकारशी मतभेद असणाऱ्या उमेदवारांना उभेच राहता येणार नसेल, तर विधिमंडळाने ही योजना फेटाळावी काय? त्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी ‘फेटाळावी’ असे सांगितले. म्हणजे योजना नको म्हणणाऱ्यांत असे कितीतरी लोक होते ज्यांना रस्ता अडवणेही नको होते. वर्तमानपत्रांनी मथळ्यात पहिला प्रश्न छापला, दुसरा आतल्या पानावर गेला, आणि ‘आंदोलनाला विरोध’ म्हणजे ‘लोकशाहीला विरोध’ असा सोपा हिशेब जगभर रूढ झाला.

या दोन टोकांच्या मध्येही मोठी वस्ती होती. सरकारने लोकांना आवाहन केले ते ‘आधी खिशात घाला’ अशा अर्थाच्या एका कँटोनीज वाक्प्रचाराने. जे मिळते आहे ते घ्या, उरलेल्याचे पुढे बघू, असा त्याचा भाव. हा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता आणि तो पटलेले सगळे बीजिंगचे भाट नव्हते. २०१५ च्या जूनमध्ये योजना विधिमंडळापुढे आली तेव्हा तिच्या बाजूचे आणि विरोधातले लोक चाचण्यांत जवळपास तुल्यबळ होते. प्रत्यक्ष मतदान मात्र २८ विरुद्ध ८ असे झाले, कारण एका आजारी सहकाऱ्याची वाट पाहण्यासाठी वेळ मिळावा म्हणून सरकारच्या बाजूचे बहुतेक सदस्य सभागृहाबाहेर गेले आणि तेवढ्यात मतदान उरकले. योजना मंजूर होण्यासाठी लागणारे दोन तृतीयांश बहुमत तसेही जमणार नव्हते, पण असा फजितीचा पराभव सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

प्रश्न : मुलांच्या भवितव्यासाठी चाललेल्या आंदोलनाला आईवडिलांनीच विरोध करावा, हे मला समजत नाही. चीनची भीती होती की पैशाची चिंता? (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर : दोन्ही होते. त्यांच्यामागे तिसरे कारण आठवणींचे होते आणि माझ्या मते तेच सर्वांत खोल होते.

पैशाचे कारण डोळ्यांना दिसणारे आहे. मोंग कोक हा जगातील अत्यंत दाट वस्तीच्या भागांपैकी एक. तेथील नाथन रोडसारखा मुख्य रस्ता दोन महिने बंद राहिला म्हणजे टॅक्सीवाल्यांचे, मिनीबसवाल्यांचे आणि फुटपाथलगतच्या लहान दुकानदारांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येईल. पोटापाण्याच्या धडपडीसाठी कँटोनीज भाषेत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘खाणे शोधणे’ असा होतो, आणि ‘आमच्या खाणे शोधण्याच्या आड येऊ नका’ हे वाक्य त्या दिवसांत विरोधकांच्या तोंडी सतत होते. रस्ते अखेर मोकळे झाले ते टॅक्सी आणि मिनीबस व्यावसायिकांच्या संघटनांनी, तसेच एका बस कंपनीने, उच्च न्यायालयातून मिळवलेल्या मनाई हुकमांच्या आधारे. सरकारला हे सोयीचेच होते, पण म्हणून त्या चालकांचे नुकसान खोटे ठरत नाही.

आठवणींचे कारण समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. २०१४ मध्ये साठ-सत्तरीत असलेल्या हाँगकाँगकरांपैकी पुष्कळ जण स्वतः, किंवा त्यांचे आईवडील, १९४९ नंतर मुख्य भूमीवरून पळून आलेले होते. कोणी यादवीतून आले, कोणी १९६० च्या दशकाच्या आरंभीच्या दुष्काळातून डोंगर ओलांडून किंवा खाडी पोहून आले. निर्वासितांच्या झोपड्यांतून सरकारी इमारतीतल्या एका खोलीत आणि तेथून मुलाच्या पदवीपर्यंत पोहोचलेल्या या पिढीच्या कष्टाळूपणाला तेथे ‘लायन रॉकची वृत्ती’ म्हणतात. लायन रॉक ही कौलूनच्या माथ्यावरची सिंहाच्या आकाराची टेकडी. या पिढीची चीनविषयी भाबडी समजूत नव्हती, उलट चीनची सत्ता काय करू शकते हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. ‘मुलांनो, तुम्हाला ठाऊक नाही’ असे ते म्हणत तेव्हा त्यात चीनवरचे प्रेम असेलच असे नाही, १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात विद्यार्थ्यांवर लष्कर घातले गेले त्याची धास्ती मात्र होती. २३ ऑक्टोबर २०१४ रोजी काही गिर्यारोहकांनी याच लायन रॉकवर ‘आम्हाला खरा सार्वत्रिक मतदानाचा हक्क हवा’ अशा अर्थाचा प्रचंड पिवळा फलक लटकावला. मला तो घोषणेपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांना दिलेले उत्तर वाटतो. कष्ट तुम्ही केलेत, आम्हीही करतो आहोत, फक्त कशासाठी ते बदलले आहे.

दुसरी आठवण १९६७ ची. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या झळा लागून त्या वर्षी हाँगकाँगमधील डाव्या संघटनांनी वसाहतवादी सरकारविरुद्ध उठाव केला, रस्त्यांत बाँब ठेवले गेले आणि एकूण ५१ माणसे मेली. तेव्हाच्या सामान्य माणसाने बहुतांशी पोलिसांची बाजू घेतली होती. तेव्हापासून ‘रस्त्यावरचा गोंधळ’ म्हटले की वयस्कांच्या मनात बाँब येत आणि पोलीस म्हटले की संरक्षण येई. येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले आहे. १९६७ मध्ये शाळेत सरकारविरोधी पत्रके वाटल्याबद्दल त्सांग ताक-सिंग नावाच्या किशोराला दोन वर्षांची कैद झाली होती. ते पुढे बीजिंगनिष्ठ गोटात मोठे झाले आणि २०१४ मध्ये, सतरा वर्षांच्या वाँगला पोलिसांनी धरले तेव्हा, शहराच्या सरकारात गृहव्यवहार सचिव होते. गृहव्यवहार म्हणजे आपल्याकडचे पोलीस खाते नव्हे. तरीही हा योगायोग विसरता येत नाही.

या सगळ्याचा घरांत काय परिणाम झाला? आंदोलनाच्या समर्थकांनी पिवळी फीत लावली, पोलिसांच्या समर्थकांनी निळी. पाहता पाहता ‘पिवळा’ आणि ‘निळा’ ही माणसांची विशेषणे झाली. व्हॉट्सॲपवरच्या कौटुंबिक गटांतून लोक बाहेर पडले, रविवारच्या दिमसमच्या (वाफवलेल्या पदार्थांच्या कौटुंबिक न्याहारीच्या) टेबलावर राजकारण काढायचे नाही असे अलिखित करार झाले. २०१९ मध्ये पुन्हा मोठे आंदोलन पेटले तेव्हा तर उपाहारगृहेही पिवळी आणि निळी झाली, कोठे जेवायचे हे रंगावरून ठरू लागले. आपल्याला आईवडिलांचा विरोध समजत नाही असे आपण लिहिले आहे. मला वाटते, तो समजणे कठीण नाही. रात्री मुलांना भांड्यातून सूप नेऊन देणारे आणि सकाळी ‘आता पुरे’ म्हणणारे पालक एकच असू शकतात, आणि जनमत चाचणीत अशा माणसाला एकाच रकान्यात खूण करावी लागते.

प्रश्न : या प्रकरणाचा आपल्या मुंबईशी काही संबंध आहे का? (दादर)

उत्तर : आंदोलनाशी नाही, त्याच्या एका पाळण्याशी आहे. कायद्याचे प्राध्यापक बेनी ताई (मराठी वाचकांनी दचकू नये, हे गृहस्थ आहेत) यांनी रस्ते व्यापण्याची कल्पना २०१३ मध्ये मांडली तेव्हा ते हाँगकाँग विद्यापीठात शिकवत होते. या विद्यापीठाची पहिली भव्य इमारत उभी राहिली ती मुख्यतः सर होर्मसजी नवरोजी मोदी या मुंबईत जन्मलेल्या पारशी व्यापाऱ्याच्या देणगीतून. १९१० मध्ये तिची पायाभरणी झाली. कौलूनमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे.

प्रश्न : हे सारे परकीय शक्तींनी घडवून आणले होते असे पुष्कळदा ऐकतो. त्यात तथ्य किती? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : २०१४ पुरते बोलायचे तर फारच थोडे. तेव्हाचे मुख्य कार्यकारी लेउंग चुन-यिंग यांनी तसा आरोप जाहीरपणे केला, पण पुरावा पुढे ठेवला नाही. विद्यार्थ्यांच्या संघटनेची मुळे स्थानिक होती. वाँग आणि त्याच्या शाळकरी सोबत्यांनी ‘नैतिक व राष्ट्रीय शिक्षण’ हा विषय शाळांत सक्तीचा करण्याविरुद्ध २०१२ मध्ये लढा दिला होता आणि सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली होती. त्या यशातून हा आत्मविश्वास आला. शिवाय असंतोष पेटवायला परकीयांची गरज पडू नये, अशी वक्तव्ये खुद्द लेउंग करत होते. केवळ संख्येवर निवड होऊ लागली तर महिन्याला १,८०० अमेरिकी डॉलरहून कमी कमावणाऱ्या निम्म्या लोकांच्या कलाने धोरणे ठरतील, असे त्यांनी ऑक्टोबरमध्ये परदेशी पत्रकारांना सांगितले. २०१९ ची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा मोर्चांत अमेरिकेचे झेंडे उघडपणे फडकत होते आणि कार्यकर्ते वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेने हाँगकाँगविषयी कायदा करावा अशी मागणी करत होते. त्याने ‘निळ्यां’चा संशय पक्का केला. ही चूक होती असे माझे मत आहे, पण तोवर शहरातल्या शहरात दाद मागण्याचे मार्ग बरेच आटले होते, हेही खरे.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकतो. लोकांचा पाठिंबा उतरतो आहे हे आकड्यांत दिसत असताना विद्यार्थी नेत्यांनी वेळीच माघार का घेतली नाही? (कोल्हापूर)

उत्तर : वेळ होती आणि ती नेमकी सांगता येते. २१ ऑक्टोबर २०१४ रोजी मुख्य सचिव कॅरी लॅम यांच्या नेतृत्वाखालील अधिकारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या महासंघाचे नेते दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसले. काळे टी-शर्ट घातलेल्या मुलांनी मुद्दे इतके व्यवस्थित मांडले की पाठिंबा नसलेल्यांनीही त्यांना दाद दिली. सरकारने देऊ केले ते किरकोळ होते. बीजिंगकडे लोकभावनेचा पूरक अहवाल पाठवू आणि पुढील सुधारणांसाठी एखादे व्यासपीठ उभारू, एवढेच. पण ते हातात घेऊन, मान उंच ठेवून, रस्ते सोडता आले असते. मी त्या जागी असतो तर सोडले असते, असे आज आरामात बसून लिहिणे सोपे आहे.

का जमले नाही, याचे उत्तर आंदोलनाच्या रचनेत आहे. त्याला सेनापती नव्हता. ठिय्या पुकारण्याची घोषणा बेनी ताई, समाजशास्त्राचे प्राध्यापक चान किन-मान आणि पाद्री चू यिऊ-मिंग या तिघांची होती, सुरुवात विद्यार्थ्यांनी केली, आणि मोंग कोकमध्ये बसलेली माणसे बहुतांशी या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. ॲडमिरल्टीत मुलांनी लाकडी मेजे ठोकून, दिवे लावून अभ्यासिका उभारली होती आणि कचऱ्याचे वर्गीकरण चालले होते, तर मोंग कोकमध्ये विरोधकांशी हाणामाऱ्या होत होत्या आणि लोक ‘मोठ्या मंचा’वरून, म्हणजे ॲडमिरल्टीतल्या नेत्यांच्या व्यासपीठावरून, येणारे हुकूम मानायला तयार नव्हते. २६ ऑक्टोबरला सरकारच्या प्रस्तावावर आंदोलकांचे मतदान घ्यायचे ठरले होते. मतदान सुरू व्हायला काही तास उरले असताना ते रद्द करावे लागले, कारण आंदोलकांशी आधी पुरेशी चर्चा झाली नव्हती आणि मतदानाच्या स्वरूपावरच एकमत होईना. मतदानाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्यांना आपसांत मतदान घेता आले नाही, याहून बोचरी गोष्ट त्या ७९ दिवसांत नाही. डिसेंबरच्या आरंभी तिघे ज्येष्ठ स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि मुलांना परत जाण्याची विनंती करून थांबले. १५ तारखेला शेवटचा तंबू उठला.

२०१९ च्या आंदोलकांनी यातून काढलेला धडा मात्र माघारीचा नव्हता. ‘मोठा मंच’च नको, भाऊ एकाच डोंगरावर आपापल्या वाटेने चढतील, कोणी कोणाला धिक्कारणार नाही, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे आपसांतली भांडणे मिटली आणि हिंसेला ‘हे आमचे नाही’ म्हणण्याची सोयही गेली. तरी जनमत ढासळले नाही. २४ नोव्हेंबर २०१९ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ७१.२ टक्के मतदान झाले आणि १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे गेल्या. याला जगाने लाट म्हटले. आपल्याकडच्यासारखीच तेथेही ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो, हे लक्षात घेऊन मतांची टक्केवारी पाहिली तर ती साधारण ५७ विरुद्ध ४२ अशी होती. रस्त्यांवर एवढे सगळे घडूनही दर पाचांतले दोन मतदार ठामपणे दुसऱ्या बाजूला होते.

प्रश्न : आता तेथील लोकांचे मत काय आहे? (नाशिक)

उत्तर : ते मोजण्याची साधनेच एकेक करून काढून घेतली गेली आहेत. ३० जून २०२० पासून बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. त्याच वर्षी लोकशाहीवाद्यांनी आपले उमेदवार ठरवण्यासाठी घेतलेल्या अंतर्गत निवडणुकीत सहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला होता, ती घेणाऱ्यांवर आणि लढवणाऱ्यांवर खटला भरला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेनी ताई यांना दहा वर्षांची आणि जोशुआ वाँगला चार वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. जुन्या काळापासून चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये काही नाजूक प्रश्नांचे निकाल प्रसिद्ध करणे थांबवले. विधिमंडळाच्या ९० जागांपैकी थेट लोकांनी निवडायच्या जागा २० उरल्या आहेत आणि त्यासाठी झालेल्या डिसेंबर २०२१ च्या निवडणुकीत ३०.२ टक्के मतदान झाले. जिल्हा परिषदांच्या ४७० जागांपैकी थेट निवडणुकीच्या ८८ ठेवल्या गेल्या. तेथे डिसेंबर २०२३ मध्ये २७.५ टक्के लोक मतदानाला आले. त्याच्या चार वर्षे आधी याच परिषदांसाठी ७१ टक्क्यांहून अधिक लोक आले होते. घरी राहिलेले सगळे ‘पिवळे’ होते असे मात्र मानू नये. समोर प्रतिस्पर्धीच नसल्यामुळे त्या दिवशी बऱ्याच ‘निळ्यां’नाही उठून केंद्रावर जावेसे वाटले नसणार.